करवतीचं झाकण

लातूर, सोमवार, चैत्र वद्य चतुर्थी

दसऱ्याला पूजेसाठी गोल करवतीवरचं झाकण काढलं. लक्ष्मीचं तोंड झाकू नये म्हणून आईनं ते पुन्हा बसवू दिलं नाही. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना टेबलं हवी होती, म्हणून मीही काम तसंच रेटलं. दुष्काळात वाळलेल्या आंब्यांची खोडं चिरता चिरता धाकट्या भावाची, मारुतीची बोटं गेली. आज नवं झाकण घ्यायला त्यालाच नेलं. फळी सरळ धरणारी पट्टी त्यानं त्याच हाताने चाचपली. त्याच हाताने. झाकण जाळीचं निवडलं.

"साधं घेऊ की रे," मी म्हणालो.

"न्हाई अण्णा, यातून पातं दिसतं. तुला कमी दिसायलंय. माझा मृदंग तर सुटला, तुझी पेटी तरी वाजू दे."

देवा, त्याच्या तोंडून एकदा तरी आम्हाला शिवी येऊ दे.