ठमीच्या स्टुलाचे पाय

बाबा,

मी कामावर जातेय. चहा थर्मासमध्ये आहे.

तुमच्याकडे शिकायला येणारी मुलं घरी गेली की त्यांचं सुतारकाम दुरुस्त करायला तुमचे हात शिवशिवतात, हे मी केव्हाच ओळखलंय. पण काल तुम्ही शेजारच्या ठमीच्या डुगडुगत्या स्टुलाचे पाय गुपचूप कापून सारखे केलेत, ते तिनं सकाळी बरोबर पकडलं. "हे माझं नाही, आजोबांचं आहे," म्हणाली आणि स्टूल इथंच टाकून गेली. शिकायलाच येणार नव्हती.

मी बरीच मनधरणी केली. दुपारी येतेय, नवं स्टूल करणार आहे. अट एकच, आजोबांनी हात खिशात ठेवायचे. करवत कशी धरायची ते तोंडानं सांगा.

तुमच्या पायजम्याला खिसे नाहीत, म्हणून पँट इस्त्री करून खुंटीला अडकवलीय.

– सूनबाई