पाठमोरी माणसं

आयर्न हार्बर, मिशिगन
१२ जानेवारी १९८६

चि. उर्हो यास लेम्पीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. अ‍ॅरिझोनात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून अंगणात संत्री खातोस, हे मला मुद्दाम कळवलंस ना? इथे बर्फ खिडकीला टेकलंय. तिकडची कोरडी हवा तुझ्या छातीला मानवते आहे, म्हणून बोलत नाही.

आता रागाचं. आपल्या विद्यापीठाच्या बर्फावरच्या हॉकीचा गोलरक्षक डेल, खिम्याच्या करंज्या, म्हणजे पास्टी, विकणाऱ्या कोइवूंचा धाकटा, सामन्यात पडला आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. पुन्हा खेळणं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाताळ उलटतो न उलटतो तोच क्रीडा विभागाने त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळणार नाही. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे पाय होता तोवर आमचा, पाय गेला की तू कोण?

आम्ही गोलमागच्या कठड्याशी बसणाऱ्यांनी चादरीवर 'डेलला शिकू द्या' एवढंच लिहून ती टांगली. विभागाचे प्रमुख रॅन्सडेल स्वतः आले. बाई, इथे खेळ बघायला यायचं, मतं सांगायला नाही, असं मला म्हणाले. मी म्हटलं, मतं सांगतच आम्ही आजवर खेळ बघितला, हवं तर पंचांना विचारा. दुसऱ्या दिवशी माझं हंगामाचं तिकीट रद्द. चाळीस वर्षांची जागा, उर्हो.

तब्येत जप. उत्तर धाड, नाहीतर मीच येऊन संत्री संपवीन.
लेम्पी

मेसा, अ‍ॅरिझोना
२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं तिकीट काढून घेतलं हे वाचून प्रथम वाटलं, पंच सुटले बिचारे. मग राग आला. डेलचं तर फारच वाईट झालं.

पण एक सांगायचंय, आणि तू चिडणार. रॅन्सडेलांचा फोन आला होता. फेब्रुवारीतल्या मोठ्या सामन्याला जुना कर्णधार म्हणून मला बोलावलंय. बर्फावर चकती टाकून खेळ सुरू करायचा. मी हो म्हटलं. ताई, ते बर्फ पुन्हा बघायला मिळेल अशी आशाच मी सोडली होती. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली आहे. चकती टाकली म्हणून मी त्यांचा होत नाही.

कॉफी तुझ्याकडेच घेईन. माया पातळ करू नकोस.
तुझा उर्हो

आयर्न हार्बर
२७ जानेवारी

चि. उर्हो यास आशीर्वाद.

तुला अक्कल कधी येणार? त्यांना तू नकोस, तुझे पांढरे केस हवेत. त्या सामन्याला आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहणार, हे त्यांच्या कानावर गेलंय. आपल्या हार्जू घराण्याचा उर्हो समोर असला तर गावाची हिंमत होणार नाही, हा हिशेब. गाव मला विचारतंय की तुझा भाऊ कुणाच्या बाजूचा, आणि मी गप्प बसते. मला गप्प बसवणारा तू पहिलाच.

शेजारच्या आयरीनने तिचं तिकीट मला दिलंय. मी येणार आणि पाठ फिरवणार. चकती टाकलीस तर कॉफीला येऊ नकोस.

छाती सांभाळ. हे रागातही लिहावं लागतं.
लेम्पी

मेसा
१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून सामन्याला जाताना दारावरून गाडी गेली तरी उतरलो नाही. विमानतळावर पेपर पाहिला. मला चक्कर आली, असं छापलंय. चक्करबिक्कर काही नाही.

मी चकती टाकायलाच आलो होतो, खोटं कशाला बोलू. बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावरून मधोमध गेलो, वर पाहिलं, तर गोलमागे नुसत्या पाठी. तुझा हिरवा कोट लगेच ओळखला. आपले वडील गेले त्या आठवड्यातही तू खेळाकडे पाठ केली नव्हतीस. तरीही मी वाकलोच असतो. पण आताचा कर्णधार लेमे याला सहज विचारलं, डेल कुठे बसलाय? तो मान खाली घालून म्हणाला, त्याला संघाच्या बाकावर बसायची बंदी आहे, कुबड्या टीव्हीवर बऱ्या दिसत नाहीत म्हणून.

मग माझ्याने वाकवेना. चकती खिशात घातली आणि चालत बाहेर आलो. पंचांनी दुसरी आणली, खेळ सुरू झाला. बोळात रॅन्सडेल हसत म्हणाले, या वयात गोंधळ होतो, तुम्हाला बरं वाटेनासं झालं असं सांगू. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, तसंच छापा. ते निघून गेले होते.

मला म्हातारा म्हटल्याचं दुःख नाही, ताई. शुद्धीवर असलेला माणूस असं करूच शकत नाही, असं त्यांना वाटतं, याचा संताप आहे.

अबोला संपला असेल तर चार ओळी पाठव.
उर्हो

आयर्न हार्बर
२३ फेब्रुवारी

चि. उर्हो यास पोटभर आशीर्वाद.

पेपर वाचून मी दोन दिवस तुला फोन लावत होते. तू कुणाकडे जाऊन बसला होतास? शेवटी लेमेनेच वार्ताहराला खरं काय ते सांगितलं. मग गावात जो तो विभागाच्या दारात. पुढच्या सामन्याला तर समोरच्या महागड्या खुर्च्यांनीही पाठ फिरवली.

परवा डेलची शिष्यवृत्ती शिक्षण संपेपर्यंत चालू केली. विभाग म्हणतो, आमचा विचार पहिल्यापासून हाच होता. वाचून मी हातातला कप आपटला. माझी जागा मात्र दिली नाहीच, आणि मी मागायला जाणारही नाही.

पाठ फिरवली याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हा फिरवीन. पण माझा भाऊ भर मैदानात चकती खिशात घालत होता, आणि ते समोरच्या सगळ्यांनी पाहिलं, पाहुण्या संघाच्या लोकांनीसुद्धा, आणि मी मात्र भिंतीकडे बघत उभी होते. ते जन्मभर सलेल.

पुढच्या हिवाळ्यात ये, कुणी न बोलावता. कॉफी उकळत ठेवते.
तुझी ताई