गाडी हळू व्हायची ती जागा

कारंजा, वैशाख, सन १९३४

सोजर,

हे पत्र मी धाडणार नाही. तुले वाचता येत नाही, अन् वाचून दाखवीन तो तुहा नवराच.

तुह्या बापानं मले "रुळावरचा मजूर" म्हणून नाकारलं, तवा मी तोंड उघडलं नाही. ते अजून सलते.

नाल्यापाशी काळ्या मातीत रूळ दबत, म्हणून आपली लहान गाडी तिथं पायी चालल्यावानी जाये. झेंडी धरून मीच उभा राहो. बाजाराच्या दिवशी तू खिडकीपाशी बसलेली दिसे. एकडाव तू बोरं पुढं केली. माह्या एका हातात झेंडी होती, दुसरा हात काही उचलला नाही.

यंदा साहेबानं ती जागा पक्की कराले लावली. सात दिवस आमी माती काढली, खडी भरली, लोखंडी सब्बलीनं ठासली. गँगमधला रामराव म्हणे, "पुंजाजी, एवढं कायले ठासून राह्यला? थोडं ढिलं ठेव, तुही झेंडी तरी राहीन."

माह्या मनातही तेच आलं होतं. रुळाखालच्या दोन लाकडी स्लीपरखालची खडी ढिली ठेवली असती, तर गाडी पुन्हा हळू झाली असती.

पण त्या गाडीत तू बसतं, सोजर.

आज बाजार होता. गाडी भर्रकन गेली. तुहं लुगडं हिरवं होतं का निळं, तेही दिसलं नाही. मी खाली वाकून पाह्यलं, खडी जराही हालली नव्हती.

झेंडी जमा केलेला,
पुंजाजी