राजस उभा राहिला, पण तिकडे

अस्मिता,

तुझी मीटिंग चालू होती, म्हणून न सांगता निघाले. साने काकूंच्या गाडीतून देवळात कीर्तनाला जातेय. खिचडी झाकून ठेवलीय, राजस-आश्लेषाला गरम करून दे.

काल तुझ्या भावाकडून येताना मी गप्प का, विचारत होतीस. राजस तिथे टॉवेलचं उपरणं करून कीर्तनाला काय उभा राहिला! आश्लेषा वाट्यांची झांज वाजवत होती. "कमॉन मामा, लाऊडर!" म्हणत त्याने सगळ्यांना नाचवलं. घर भरून गेलं गं. मग बुक्का म्हणून कोको पावडर घेतली आणि पहिला टिळा लावला तुझ्या आईला! त्या म्हणे, "आमचा राजस गुणीच." आमचा? समर ब्रेकभर माझ्याशेजारी बसून शिकलाय तो. इथे म्हण म्हटलं की, "आजी, आय ॲम शाय."

देवळात असलं मन घेऊन जाऊ नये, म्हणून लिहून टाकलं.

रविवारी सगळ्यांना आपल्याकडे जेवायला बोलाव, राजसला उभं कर. तुझ्या आईही येऊ देत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना मागे सोफ्यावर बसव. मी खाली बसेन, अगदी पुढे.

आई