बुरकुंडाची चिलीम आणि रावसाहेबांचा पाइप

कार्तिक वद्य ५, शके १८४२
साखळी ओढून खांदा गेला. मोजणीचे रावसाहेब ठाण्याहून आलेत, संस्थानच्या रानाची हद्द मोजायला. मी साखळीचं दुसरं टोक धरतो. काम बरं हाय, बोलावं लागत नाय. रा.सा. "खेच" बोलले की खेचायचं, "सोड" बोलले की सोडायचं. शाळेत असं असतं तर माझी शाळा सुटली नसती. तिथं उभं राहून मोठ्यानं वाचायला लावायचे.
दुपारी ते करवंदीच्या सावलीला, मी लांब. त्यांनी खिशातून पाइप काढला. मी माझी चिलीम काढली, बुरकुंडाची. दाणे काढलेलं मक्याचं कणीस, वरून पोखरलेलं, खाली बोरूची नळी खुपसायला भोक. त्यांनी बघायला मागितली. हसले नाय. वास घेतला नि परत दिली.
"गोड जळते रे तुझी."
गोड म्हणजे चांगली, की पोरासोरांची? दिवसभर तेच डोक्यात.

कार्तिक व. ८
रा.सा. गेले. जाताना पाइप माझ्या हातात. त्यांना नवा आलाय.
बोलले, "याला ब्रायर म्हणतात. विलायती झुडपाच्या मुळाचं लाकूड. तुझं बुरकुंड चार दिवसांत जळून जातं, हा माणसाला जन्मभर पुरतो. आत काजळीचा थर बसलाय, तो खरवडू नकोस. त्याच्यासाठी मी वर्षं घालवलीत. पाणी लावायचं नाही. निखारा ठेवायचा नाही, काडीनं पेटवायचा. आणि घाई करायची नाही. समजलं?"
मान हलवली. निम्मं समजलं होतं. मुळाचं लाकूड म्हणजे जमिनीखालचं. मग ते जळत कसं नाय? विचारायचं होतं. तवर घोडं वळणाच्या पलीकडे.

कार्तिक व. ९
आयसनं पाइप धुतला.
चुलीजवळ ठेवला होता, तिला दिसला. "कोणाच्या तोंडातला हा? उष्टा घरात?" राख घेतली, चिंच घेतली, पेंढ्याचा घासा घेतला. आत काडी घालून खरवड खरवड खरवडला. मग कढत पाणी. मी दारात उभा. "काजळी खरवडू नको" एवढंच बोलायचं होतं, दातांपर्यंत आलं होतं. रा.सा.ची वर्षं ओसरीवरून वाहून गेली, काळं पाणी, कोंबड्या त्यात चोच घालत होत्या.
"तांब्यासारखा लख केला बघ." इतकी खूश होती की.

कार्तिक व. १२
आज पहिल्यांदा ओढला. चिंचेची चव. मग राखेची. मग काहीच नाय, आणि एकदम चटका. आत पाणी साठून गुडगुड वाजतो. बुरकुंड कधी वाजत नाय, पाणी स्वतःच पितं.
सवयीनं वर निखारा ठेवला. काठ जळाला. रा.सा.नी सांगितलं होतं ते नंतर आठवलं. जिभेला फोड.
परत बुरकुंड काढलं. गोड लागलं. पण आधी कधी लागलं नव्हतं तसं पोकळ पण लागलं. पाइप आवडला नाय आणि बुरकुंड पुरलं नाय, हे काय?

मार्गशीर्ष शु. २
खळ्यावर नागली झोडणी. दुपारी सगळे बसले, चिलीम फिरली. जो तो आपला बोरू मुंडाशातून काढतो, खुपसतो, ओढतो, काढून घेतो. बुरकुंड एकच, नळी ज्याची त्याची, म्हणजे कोणाचं तोंड कोणाला लागत नाय. माझी पाळी येते तेव्हा मला सगळ्यांसारखं वाटतं. कोण बोल म्हणत नाय.
दादानं माझ्या लग्नाचा विषय काढला. पोशेऱ्याच्या लखमामामांची पोरगी, भा. (नाव लिहीत नाय.) परवा जायचं. बापूस गेल्यापासून माझं सगळं दादाच बोलतो.
आमच्याकडं रीत अशी की पोरीचा बाप चिलमीला आधी आपला बोरू लावतो, दोन झुरके घेतो, मग ती पोराच्या हातात देतो. दिली की झालं, पुढं नुसता दिवस ठरवायचा. नाय दिली तर जेवून परत यायचं.
दादा बोलला, "पाइप घे बरोबर. मामांना कळू दे आमचा गणू साहेबात ऊठबस करतो ते."
माझी ऊठबस म्हणजे साखळी.

मार्गशीर्ष शु. ४
पोशेऱ्याहून आलो. लिहू की नको.
मामांनी ओट्यावर घोंगडी टाकली. दादा बोलतोय, नागली कशी झाली, बैल कसा लंगडतो, हद्द कुठून गेली. मामांनी त्यांची चिलीम पुढं ओढली तर दादा लगेच, "आज आमच्या गणूची ओढा. विलायती हाय." मी भरून दिला. तमाखू घोंगडीवर सांडली.
मामांनी मुंडाशातून बोरू काढला. पाइप फिरवला. खालून बघितला, बाजूनं बघितला. भोक शोधत होते. मग काळी दांडी बघितली, तिच्यावर दात उमटलेत, माझे पण नि रा.सा.चे पण.
"बोरू कुठं लावू?"
दादानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.
"बोरू नाय लागत. तीच दांडी तोंडात धरायची," दादा बोलला.
"कोणाच्या तोंडात?"
कुडाच्या आड कोणतरी हसलं. बाईमाणूस.
मामांनी पाइप माझ्यापुढं ठेवला, बोरू परत खोचला. "हा एकट्यानं ओढायचा हाय. एकट्यानं ओढणाऱ्याला बायको कशाला?" हसत बोलले की रागानं, कळलं नाय. मी वर बघितलंच नव्हतं.
माझं बुरकुंड बंडीच्या खिशात होतं. काढून पुढं केलं असतं तर... हात गेला नाय.
जेवण दिलं. तांदळाची भाकर, उडदाचं वरण. हो नाय, ना नाय.
परत येताना दादा पूर्ण घाट गप्प. माझ्यासारखा.

मार्ग. शु. ७
पोशेऱ्याचा निरोप नाय. दादा म्हणतो गेलं हातचं. आयस म्हणते तिच्या हातून पाइप नीट घासला गेला नाय म्हणून मामांना आवडला नाय. तिला काय सांगू.
मला पोरगी हवी का? हवी. एकदाच बघितलंय, मोखाड्याला जत्रेत, डोक्यावर टोपली नि तोंडानं अखंड बडबड. तेव्हा वाटलं, ही असली घरात तर मला किती कमी बोलावं लागेल. हे कोणाला सांगण्यासारखं कारण नाय.

मार्ग. शु. ९
आज कातळावर शेळ्या घेऊन बसलो नि पाइप जमला. कसा जमला माहीत नाय. खाली तमाखू सैल सोडली, वर जरा दाबली. एकदा पेटवून विझू दिला, मग परत पेटवला. मग त्याला विसरलो, समोर घार फिरत होती ती बघत बसलो. धूर आपोआप येत होता. गार. चिंच गेली. आत बोट घालून बघितलं, काळं लागलं. नवा थर धरतोय, माझा.
बुरकुंडात अशी चव नव्हती. ते पेटतं, गोड लागतं, संपतं. ह्याच्यात खाली खाली जावं लागतं.
इतकं बरं वाटलं की भीती वाटली. मामा बोलले ते खरंच असेल तर? एकट्यानं ओढणाराच असेन तर?

मार्ग. शु. ११
दांडी काढून तिथं बोरू बसवून बघितला. सैल. मेण लावलं. धूर सगळीकडून सुटला. मेण वितळलं, बोरू चिरला. दांडी परत बसवली, आता जराशी वाकडी बसते.
दादा बघत होता. "दे टाकून ती पीडा. नाय तर विकून ये."
"नाय," मी बोललो. मोठ्यानं.
दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. माझं पण झालं असेल. उठून गोठ्यात गेलो.

मार्ग. शु. १४
खोडाळ्याचा बाजार. आयसनं मीठ आणायला धाडलं.
मिठाच्या दुकानामागं वडाखाली बसलो, पाइप पेटवला. समोर कोणतरी उभं राहिलं. पाय ओळखले नाय, आवाज ओळखला. भागी. तिची आत्या पलीकडं सुकी मासळी बघत होती.
"हाच का तो साहेबाचा?"
मान हलवली.
"तुला जीभ हाय ना? मला वाटलं साहेब मोजणीला घेऊन गेला."
पाइपातली राख काडीनं दाबली.
"तू आलास त्या दिवशी मी कुडाआड होते. बाबा भोक शोधत होता, मला हसू आवरेना. तुला राग आला?"
मान हलवली, नाय म्हणून. म्हणजे त्या दिवशी ती मला हसली नव्हती. की हसली होती?
"दे बघू." दिला. वाटलं बघून परत देईल. तिनं दांडी सरळ तोंडात धरली. पुसली पण नाय. जोरात ओढला, खोकली, डोळ्यांत पाणी.
"शी. कसला कडू. नि हे तू रोज?"
"हळू ओढायचा," मी बोललो.
"मग आधी सांगायचं ना." परत ओढला, हळू. बाजाराकडं बघत, घाई नसल्यासारखी. नाकातून धूर सोडला. घरी आजीची विडी ओढत असणार. "आता बरा हाय."
आत्यानं हाक मारली. भागीनं राख झटकली, पाइप कमरेला खोचला. "बाबाला दाखवते, दोघांना ओढता येतो ते." नि गेली.
थांब म्हणायला पाहिजे होतं का? पाइपासाठी, की तिच्यासाठी? बापाला असं सांगितलं तर तो तिला मारेल. मी बसून राहिलो. मीठ घ्यायचं विसरलो, परत दुकानात गेलो.

मार्ग. पौर्णिमा
दादाला कळलं. खोडाळ्याचा बाजार म्हणजे काय, कळणारच.
"पोरीनं तुझ्या तोंडातलं तिच्या तोंडात घातलं. चार लोकांनी बघितलं. आता एक तर लगीन, नाय तर दोन गावांचं भांडण. तू काय केलंस तेव्हा?"
"हळू ओढ म्हणालो."
दादा हसायला लागला, हसता हसता खाली बसला. मग परत रागावला.
बुरकुंड ओढून बघितलं. संपलं पण लगेच. हात सारखा बंडीच्या खिशात जातोय, रिकामाच येतोय.

मार्ग. वद्य २
पोशेऱ्याचा माणूस नागलीचं बी न्यायला आला होता. लखमामामांचा निरोप सांगून गेला. गणूला पाठवा. दादाला नको. एकट्याला.
"मार खायला बोलावलंय," दादा बोलला. आयस बोलली, मारायचं असतं तर दोघांना बोलावलं असतं. दोघं भांडत बसली. मला कोणी विचारलं नाय. मी पण काही ठरवलं नाय.
भागीचं काही सांगितलं का, असं त्या माणसाला विचारायला त्याच्यामागं ओढ्यापर्यंत गेलो. विचारलं. "घरातच हाय, बाहेर दिसली नाय," बोलला. याचा अर्थ काय?

मार्ग. व. ३
पोशेऱ्याच्या वरच्या टेपाडावर बसून लिहितोय. शिसपेनचं टोक मोडलंय, नखानं सोलून घेतलं.
सकाळी कोणाला न सांगता निघालो. वाटेत बोलायचं ठरवत आलो. मामा, चूक माझी, तिला बोलू नका. हे एक. मामा, तुम्ही बोललात एकट्यानं ओढणारा, ते खरं हाय, पण पोरगी हवी. हे दुसरं. दोन्ही एकदम कसं बोलायचं? एक बोललं की दुसरं खोटं वाटतं. झाडाला बोलून बघितलं. झाडापुढं पण अडकलो.
इथून मामांचा ओटा दिसतो. घोंगडी अंथरलेली हाय. म्हणजे कोणी यायचं असेल, की वाळत घातली असेल. कुत्र्याला माझा वास लागला, भुंकतंय. दारातून कोणतरी बाहेर आलं, डोळ्यांवर हात धरून वर बघतंय. मामा की भागी, उन्हात कळत नाय.
हात हलवला त्या माणसानं. ये म्हणून की जा म्हणून.
उठतो, खाली जातो.