अडीच हजार वर्षांचा मळ

३ फेब्रुवारी. सकाळी सहा.
आजपासून जगातली सर्वांत जुनी नाणी जमवणे व समजून घेणे. नंतरच्या काळातली नकोत, तिथे गर्दी फार. रुग्णालयाच्या धुलाई विभागात सत्तावीस वर्षं गेली, पन्नाशी आली. आता देवाने काही बरं दाखवावं.

४ फेब्रुवारी.
पुस्तक आणलं. आधी लोक चांदीचे कोरे तुकडे वजनावर घेत. मग अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांवर एकेक ठसा मारू लागले, तीच आपल्याकडची पहिली नाणी. विषय समजला. उरलेली अकरा प्रकरणं सवडीने.

७ फेब्रुवारी.
नाणेमंडळाच्या बैठकीला गेलो. शिसारी आली. सेक्रेटरी निवृत्त दंतवैद्य, पण तेलकट बोटांनीच नाणी दाखवतो. नाणी जळक्या तव्यासारखी. विचारलं, ही धूत का नाही? सगळ्यांनी आपापली नाणी उचलून घेतली. कुणाला सुचलंच नसावं. २ मार्चच्या प्रदर्शनात माझं नाणं ठेवतो, असं सांगून आलो. नाणं मिळवणे.

९ फेब्रुवारी.
मिळालं. घरातच होतं. सासऱ्यांनी हिला लहानपणी दिलेला चांदीचा वाकडा तुकडा, शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये. वर सूर्य, झाड आणि हत्ती आहे म्हणे. मला नुसता काळा राप दिसला. ही म्हणाली, न्या, पण आहे तसं परत द्या, बाबांची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे. म्हटलं, आहे त्याहून चांगलं देईन. डब्यात पेन्सिलीने गिरबटलेला एक कळकट कागदही होता. केराच्या टोपलीत टाकला.

१२ फेब्रुवारी.
किती हातांचा घाम असेल त्यावर. जेवण जात नाही. तरी धुवायचं नाही, पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय. निश्चय.

१३ फेब्रुवारी.
फक्त साबण. पाणी काळंकुट्ट. पुन्हा साबण.

१४ फेब्रुवारी.
टूथपेस्ट. हत्ती दिसला, सोंड वर केलेला. ही खूश. पण सोंडेच्या बेचक्यात मळ आहे. तेवढाच काढणे.

१६ फेब्रुवारी.
विभागातून नळ घासायची पूड आणली. बेचका स्वच्छ. सोंडही गेली. म्हणजे सोंड मळाचीच होती.

१९ फेब्रुवारी.
सूर्य आणि हत्ती गेले. झाड अर्धं उरलंय, डागासारखं दिसतं. सत्तावीस वर्षांत मी अर्धा डाग सोडलेला नाही.

२० फेब्रुवारी. पहाटे.
देवापुढे बसलो असताना उमगलं. ठसे नसलेला तुकडा म्हणजे ठशांच्या आधीचा. माझं नाणं आणखी जुनं निघालं. नमस्कार केला. हिला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सांगणे. सरप्राइज.

२७ फेब्रुवारी.
वजन करायला सराफाकडे गेलो. मोडीत द्यायचंय का, म्हणाला. दुकानभर जुन्या पैंजणांचा वास. असल्यांना इतिहास कुठून कळणार.

१ मार्च.
हिने नाण्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाली, हत्ती कुठे गेला? मी ठशांपूर्वीचा काळ समजावून सांगितला. पाऊण तास. ही भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल कशी फिरवायची ते बाबांनी शिकवलं होतं, सात वर्षांची होते मी. तो कागद तुमच्या टोपलीतून काढून ठेवलाय. नाणं आता तुम्हालाच राहू द्या.
हातांना पुडीचा वास येतोय. तीनदा धुतले. जात नाही.

२ मार्च. प्रदर्शन.
सेक्रेटरीने भिंगातून पाहिलं. म्हणाला, छान घासलंय, माझे पेशंट असे घासते तर बरं झालं असतं. मग हिने पिशवीतून कागद काढला. तो पाहून सेक्रेटरीने आधी रुमालाला बोटं पुसली, मग खुर्ची ओढून बसला. सूर्य, झाड, सोंड वर केलेला हत्ती. सगळं स्पष्ट. कागद मधल्या टेबलावर मांडला, खाली हिचं आणि सासऱ्यांचं नाव.
पंखा जोरात होता. कागद सारखा उडत होता. शेवटी सेक्रेटरीने त्याच्या कोपऱ्यावर माझं नाणं ठेवलं.