मॅडमचं एल्म, माझी खोली

१२ एप्रिल, संध्याकाळ
सत्यशीला मॅडम पाच आठवडे मुलीकडे चालल्यात. त्यांचं चायनीज एल्मचं बोन्साय मी सांभाळणार! वय चौदा वर्षं, उंची एक वीत. नीट राहिलं तर त्याच्या फांदीपासून केलेलं छोटं रोप मला मिळणार. कॉलेजात आजवर कुणालाच मिळालेलं नाही.
सोबत सूचनांचा कागद: बाहेर ठेवणे, सकाळचं ऊन, दुपारी सावली, माती सुकत आली की भरपूर पाणी. पण कागद गेवराईचा, मॅडमच्या गावचा. आमच्या तलवाड्याचं ऊन वेगळं. पूर्ण विचार करून ठरवलं: झाड माझ्या खोलीत. पडदा बंद. पाणी रोज दोन चमचे, मोजून.

१३ एप्रिल
अंगददादा म्हणाला, "चौदा वर्षांत एवढंच? बियाणं बोगस हाय. तक्रार कर."
चंद्रभागा आत्या हळहळली. "लेकराला उपाशी ठिवून बुटकं केलंय गं. उनात तरी ठिव." तिला शास्त्र समजावलं. मान डोलावली तिने. पटलं असावं.

१९ एप्रिल
दिवसभर गेवराईला अभ्यासिकेत, जीव खोलीत. घरी आले तर नवी पालवी! माती ओली. दोन चमच्यांत! बंद खोलीत ओलावा टिकतो, हे सिद्ध.

२४ एप्रिल
कुंडीत अंगणातल्या कडुलिंबाचं वाळकं पान आणि एक मुंगळा. खिडकी तर बंद असते. दाराच्या फटीतून आले असणार. फटीला फडकं लावलं.
मॅडमना फोटो पाठवला. उत्तर: "छान! बाहेरची जागा मानवली." खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगवेना. हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग तासभर मन खात होतं.

१ मे
दादाच्या साखरपुड्याचे पाहुणे येणार. कुणाचा धक्का नको म्हणून आजपासून खोलीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आत्या म्हणाली, "कुलूप कावून?" तुझ्यावर संशय नाही, असं दोनदा सांगितलं. तरी चेहरा पडला तिचा.

४ मे
पानं पिवळी. चमचा लहान असेल का? तीन केले.

७ मे
निम्मी पानं गळाली. अडुसष्ट. वहीत जपून ठेवली. मॅडमची आहेत, फेकायचा मला अधिकार नाही. रोप तर गेलंच, आता झाडही जाणार. आत्यापुढे रडले.
आत्या म्हणाली, "आगं बये, तू एसटीत बसली की मी रोज त्याला लिंबाखाली नेत होते. तांब्याभर पाणी घालायचं, तू यायच्या आत पुन्हा खोलीत. तुला वाईट वाटू नये म्हून बोलले न्हाई. अन् तू कुलूपच लावलंस की!"
किल्ली दिली.

१८ मे
झाडाला भरपूर पालवी. मॅडम आल्या. सगळं कबूल केलं, पानांची वहीसुद्धा दाखवली. मॅडम पोट धरून हसल्या आणि रोप आत्याच्या हातात दिलं. न्याय झाला. थोडं वाईट वाटलं.
आत्याने रोप लिंबाखाली ठेवलंय. पाण्याला मी हात लावायचा नाही. माझं काम कोंबड्या हाकलण्याचं. जबाबदारीचं आहे. लगेच तिथेच बसून वेळापत्रक करायला घेतलं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, सुट्टीचे दिवस वेगळे. लाल पेनाने रेघा मारत होते तेवढ्यात तुरेवाली कोंबडी येऊन रोपाचा शेंडा खाऊन गेली.